लेकरांची शिस्त व बापाची काठी

वचन : इफिसकरांस पत्र, अध्याय ६, ओवी ४. वाचावयाचा भाग : लूककृत शुभवर्तमान, अध्याय २, ओव्या ४१ ते ५२.



प्रेषित पौल इफिस येथील मंडळीस लिहिताना घरातील माणसांची एकमेकांविषयीची कर्तव्ये सांगतो, तेव्हा प्रथम तो मुलांस आईबापांची आज्ञा मानावयास शिकवितो, आणि लागलाच बापांकडे वळतो. मुलांच्या जिवाचा संताप होईल असे त्यांच्याशी वागू नये, अशी तो बापांस मनाई करतो. आणि प्रभूच्या शिस्तीत व बोधात त्यांस वाढवावे, अशी आज्ञा देतो. आमच्या मंडळ्यांत ह्या अध्यायाची पहिली ओवी मुलांकडून पाठ करवून घेण्याची चाल आहे. चौथी ओवी बापांकडून पाठ करवून घेतल्याचे आम्ही अद्याप कोठे पाहिले नाही.

ह्या ओवीकडे आमचे लक्ष जाण्यास एक प्रसंग कारण झाला. तो सांगितल्यावाचून पुढे बोलणे खरेपणाचे होणार नाही, कारण त्यात आमचाही दोष आहे.

काही वर्षांमागे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका लहानशा मंडळीत आम्ही रविवारच्या उपासनेस पाहुणे म्हणून गेलो होतो. गावाचे व माणसांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. उपासना आटोपल्यावर दानार्पणाची पिशवी मोजली, तेव्हा आपण स्वहस्ते टाकलेली दहाची नोट तीत नाही, असे मंडळीच्या एका वडिलाने सांगितले. शोध करता ती नोट तेथील उपदेशकांच्याच अकरा वर्षांच्या मुलाच्या खिशात सापडली. उपदेशक मोठे भाविक व कष्टाळू गृहस्थ. त्यांनी अंगणातल्या चिंचेची ओली फोक मोडून घेतली आणि ओसरीवर, आमच्या देखत, मुलास इतके मारले की फोक तुटली. मुलाची आई एकदा दारापर्यंत आली व आमच्याकडे पाहून आत गेली. आम्ही बाजेवर बसून चहा पीत होतो. बापाचा हात थांबल्यावर आम्ही काय केले? नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात काठीविषयी जे सांगितले आहे ते आम्ही त्यांस ऐकविले, त्यांच्या कडकपणाची वाखाणणी केली, आणि संध्याकाळच्या एस. टी. ने पुण्यास परत आलो.

चार महिन्यांनी एका पहाटे त्याच उपदेशकांनी शेजाऱ्याच्या फोनवरून आम्हांस हाक मारली. मुलगा दोन दिवसांपासून घरी नव्हता. मागाहून कळले ते असे : शेळ्या चारावयास जाताना त्याने बापाचा मोबाईल बरोबर नेला होता, आणि विहिरीच्या काठावरून वाकून पाहताना तो हातातून निसटून पाण्यात गेला. संध्याकाळी शेळ्या आपल्या वाटेने घरी आल्या. मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी तो पुणे स्टेशनावर रेल्वे पोलिसांस सापडला. दौंडकडून येणाऱ्या गाडीत तिकिटावाचून बसून तो आला होता व दोन रात्री फलाटावर निजला होता. अशा मुलास कायद्याप्रमाणे बालकल्याण समितीपुढे नेतात. तेथे त्यास घ्यावयास त्याचा बाप व आम्ही मिळून गेलो.

तेथील एका बाईंनी मुलास जवळ बसवून विचारले, “बाळा, फोन तू मुद्दाम टाकलास का?”

“नाही.”

“मग पळालास कशाला?”

मुलगा बापाकडे न पाहता म्हणाला, “दहा रुपयांला एवढं मारलं. फोन तर दहा हजारांचा हाय.”

आम्हांस राहवले नाही. आम्ही विचारले, “आणि ते दहा रुपये? त्यांचं तुला काय वाटतं?”

“ते तर तवाच फिटलं,” तो म्हणाला.

बंधूंनो, ही दोन उत्तरे आम्ही त्या दिवसापासून विसरलो नाही. पहिले पाहा. देवाच्या दानातून चोरणे हे पाप, आणि हातातून वस्तू निसटणे हा अपघात. ह्या दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण त्या मुलास ते अंतर कोणी दाखविलेच नव्हते. त्याने आपल्या पाठीवरून हिशेब शिकला होता, आणि त्या हिशेबात जितकी किंमत मोठी तितका अपराध मोठा. आता दुसरे उत्तर घ्या. मार खाल्ला म्हणजे देणे फिटले, खाते बंद झाले! ज्या वडिलाने दान टाकले त्याच्याकडे जाणे नाही, नोट परत करताना मान खाली जाणे नाही, देवाजवळ एक शब्द नाही. आम्ही ओसरीवर बसून ज्यास शिस्त म्हणालो तिने मुलाच्या मनातील पश्चात्तापाची वाटच बुजवून टाकली होती.

कोणी म्हणेल, मग पवित्र शास्त्रात काठी सांगितली आहे ती का? सांगितली आहे, हे खरे. ते आम्ही लपवीत नाही. परंतु नीतिसूत्रांतील त्या ओवीत काठीसाठी जो इब्री शब्द आहे, तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातातील काठीसाठी आलेला आहे, आणि तेथे ती काठी पाहून मेंढरास भय वाटत नाही, धीर येतो. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन आमच्या घाटांतून कोकणाकडे उतरणारे व पावसाळ्याच्या तोंडी परतणारे धनगर आपण सर्वांनी पाहिले आहेत. डांबरी रस्त्यावर मोटार आली म्हणजे ते काठी आडवी धरतात आणि कळप कडेला वळतो. आकडीने बाभळीची उंच फांदी खाली ओढून पाला व शेंगा मेंढरांपुढे पाडतात. ओढा ओलांडताना काठी पाण्यात टेकून खोली पाहतात. मेंढराच्या पाठीवर काठी मोडणारा धनगर आम्ही पाहिला नाही, कारण त्यास ते मेंढरू जगवावयाचे असते. ज्यांनी जन्मभर शेळ्यामेंढ्या राखल्या त्या आमच्या वाचकांस ह्याहून अधिक काय सांगावे?

‘शिस्त’ हा आपल्या भाषेतील शब्दही विचार करण्याजोगा आहे. तो फारशीतून आला, आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम असा होता. बंदूकवाला शिस्त धरी म्हणजे नेम धरी. तेव्हा मुलास शिस्त लावताना आपण नेम कशावर धरला आहे, हे प्रत्येक बापाने स्वतःस विचारावे. त्याच्या तळहातावर धरला असेल तर तळहात सुजेल, व तेवढ्याने काम झाले असे वाटेल. पौलाने जो ग्रीक शब्द वापरला तो लेकरू ह्या अर्थाच्या शब्दापासूनच निघाला आहे. लेकरास माणूस करण्याचे सारे काम त्यात येते. त्याचा नेम अंतःकरणावर आहे, जेथे बाप पाहत नसताही मुलास बरे व वाईट कळावयाचे असते.

परंतु येथे एक भूल होऊ नये. मुलास मुळीच अडवू नये, त्याच्या मनास येईल ते करू द्यावे, असे कोणी ह्यावरून काढील तर त्याने शिलो येथील याजक एली ह्याची गोष्ट वाचावी. त्याचे मुलगे देवाच्या अर्पणातील मांस बळजबरीने घेत, हे त्यास ठाऊक होते. ते थोर झाल्यावर, गावात बोभाटा झाल्यावर, म्हातारपणी त्याने त्यांस चार शब्द सांगितले; पण वेळेवर त्यांस आवरले नाही, आणि देवाने त्याच्या घराण्यास ह्याच गोष्टीचा दोष लावला. आमच्या खेड्यांत एकाच घरात ह्या दोन्ही चुका राहतात. सकाळी मूल आजीच्या लुगड्यातून पैसे काढते तेव्हा सर्व हसतात. संध्याकाळी बाप ऊसतोडीवरून अंग मोडून येतो आणि तेच मूल पाण्याचा तांब्या सांडते तेव्हा त्यास बडवितात. पाप हसण्यावारी गेले व सांडलेले पाणी मारावारी गेले. मग मुलाने कोणता धडा घ्यावा?

आता लूकच्या शुभवर्तमानाकडे वळू. प्रभू येशू बारा वर्षांचा असता वल्हांडण सणास आईबापांबरोबर यरुशलेमेस गेला, आणि परतताना त्यांस न कळवता मागे राहिला. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला. ज्याचे मूल हरवले आहे, त्यासच त्या तीन दिवसांची किंमत कळेल. आम्ही पुणे स्टेशनावर त्या उपदेशकांच्या शेजारी उभे राहून ती थोडीशी पाहिली. मूल सापडल्यावर मरीयेने पहिल्याने काय केले? तिने प्रश्न विचारला. तू आमच्याशी असे का केलेस, असे विचारून तिने आपले व योसेफाचे दुःख त्याच्यापुढे उघड केले, आणि मग त्याचे उत्तर ऐकून घेतले. ते उत्तर त्यांस समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरी तिने ते मनात ठेविले, फेकून दिले नाही. पुढे तो त्यांच्याबरोबर नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला व ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला, असे ह्या अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे.

प्रभूच्या ठायी पाप नव्हते, आमची मुले तशी नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. तेव्हा ज्याने खरोखर अपराध केला होता त्या आदामाचे उदाहरण घ्या. देवास सर्व ठाऊक असताही तो बागेत येऊन प्रथम विचारतो : तू कोठे आहेस? मग, हे तुला कोणी सांगितले? शिक्षा त्यानंतर आहे, आणि ती खरी शिक्षा आहे, लटकी नाही. परंतु बागेबाहेर घालविण्याच्या आधी तोच देव त्या दोघांस चामड्याची वस्त्रे करून नेसवितो. ज्यास शिक्षा केली त्याची लाज देवाने स्वतः झाकली. आम्ही मात्र त्या मुलाची लाज साऱ्या अळीपुढे उघडी केली होती.

आपल्या लोकांत ह्याचे जिवंत दाखले नाहीत असे नाही. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या घराघरांत आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले व १८९० साली ते पुण्यास आणले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या लहानपणी कशा शिकल्या, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांची आई लक्ष्मीबाई घरकामात दिवसभर गुंतलेली असे, म्हणून ती भल्या पहाटे रानातील आपल्या आश्रमात लेकीस शिकवी. झोपेने जड झालेल्या मुलीस ती अंथरुणावरून अलगद कुशीत घेई, लाडक्या शब्दांनी जागी करी, आणि पाखरांच्या किलबिलीत तोंडी पाठ सुरू होई. ही आठवण १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या रमाबाईंच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आली आहे, आणि ते पुस्तक त्यांनी आईच्याच स्मृतीस अर्पण केले. संस्कृतासारखी कठीण विद्या, आणि पहाटे उठण्याचा नेम, ही काही सैल शिस्त नव्हे. तरी तिचा आरंभ आईच्या मांडीवर होता. त्याच पुस्तकात रमाबाईंनी बालविधवांचे दुःख सांगितले आहे : नवरा मेला तो हिच्या पूर्वजन्मीच्या पापाने, असे म्हणून अजाण पोरीस दोषी ठरवीत. दुर्दैव हाच अपराध धरून लेकरास शिक्षा! आम्ही ते वाचून हळहळतो, आणि फोन विहिरीत पडला म्हणून पळालेले आमचे लेकरू फलाटावर निजते.

दुसरा दाखला ह्याच पुण्यातला. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी, हिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांची पाळेमुळे ज्या वस्त्यांत आहेत त्याच वस्त्यांचे दुःख तिने मांडले. ज्या शाळेत मान खाली घालून उभे राहणे एवढीच शिस्त असती, तेथून असा निबंध निघाला नसता, असे आमचे मत आहे. न्याय काय, अन्याय काय, हे त्या मुलीच्या मनात आतून जागे झाले होते. आमच्या मुलांनी असा प्रश्न घरी विचारला तर आम्ही त्यास उद्धटपणा म्हणतो की काय, हे पाहावे.

आता सरकारचा कायदाही आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलास मारणे व त्याच्या मनाचा छळ करणे ह्यांस मनाई केली आहे. म्हणजे गुरुजींच्या हातची छडी कायद्याने काढून घेतली. काही पालक अजूनही शाळेत जाऊन, “गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं,” असे सांगतात, ही मोठी लाजेची गोष्ट आहे. घराच्या ओसरीवर मात्र शिपाई येत नाही. तेथे जे होते ते देव व लेकरू ह्या दोघांसच दिसते.

मग मुलाने चोरी केली, खोटे सांगितले, तर करावे काय? हे आम्हांस पुष्कळ उपदेशक बंधू विचारतात. आमचा अनुभव थोडा आहे, तरी सांगतो. पहिली गोष्ट, राग असेतो हात व तोंड दोन्ही आवरावी. विहिरीवर जाऊन दोन घागरी पाणी आणावे आणि मग बोलावे. हे ऐकावयास क्षुल्लक, करावयास फार अवघड. दुसरी, मुलास एकटे घेऊन विचारावे, आणि त्याने खरे सांगितले तर त्या खरेपणाचा मान राखावा. खरे सांगूनही तितकाच मार व खोटे सांगूनही तितकाच मार, असे असेल तर मूल खोट्याकडे वळेल, ह्यात नवल नाही. तिसरी गोष्ट भरपाईची. जक्कयाच्या घरी प्रभू जेवावयास गेला, तेव्हा त्यास कोणी मारले नव्हते. तरी त्याने आपण होऊन चौपट परत करीन असे म्हटले. घेतलेली वस्तू मुलाने स्वतःच्या पायांनी जाऊन, स्वतःच्या तोंडाने कबूल करून परत करावी, व मोडलेली असेल तर आपल्या मेहनतीने भरून द्यावी. बापाने बरोबर जावे, पण बोलावे मुलाने. ही शिक्षा फोकेपेक्षा जड आहे. ज्यांस शिक्षा कमी झाल्याची भीती वाटते त्यांनी एकदा करून पाहावी.

त्या उपदेशकांनी हे आमच्याकडून ऐकले नव्हते. आम्हीच त्यांच्याकडून शिकलो. मुलास घेऊन बाहेर आल्यावर ते स्टेशनाजवळच्या झाडाखाली बसले, आणि पुष्कळ वेळाने आम्हांस म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही समोर बसला होता म्हणून जास्त मारलं.” त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्यांची क्षमा मागितली, आणि मुलाचीही मागितली. मुलास त्याचे आश्चर्य वाटले असावे; पाहुण्या पाळकाने आपली क्षमा मागावी हे त्यास चमत्कारिकच वाटले असेल. मग बापाने त्यास जवळ ओढले आणि आपण लहानपणी पाटलाच्या मळ्यातून पेरू कसे चोरले, व ती गोष्ट आजवर आपल्या बापासही कशी सांगितली नाही, ते सांगू लागले. बोलता बोलता ते रडले. मुलगा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. दौंडच्या गाडीची वेळ झाली म्हणून आम्ही तिकिटे काढावयास गेलो, तेव्हाही दोघे तेथेच बसले होते.

फोनाचे काय झाले, असे वाचक विचारतील. तो गेला तो गेला. त्याबद्दल मुलास कोणी काही म्हटले नाही.

दहा रुपयांची गोष्ट मुलाने आपण होऊन काढली. गाडीत, उरुळी मागे पडल्यावर, त्याने बापास विचारले की ती नोट ज्यांची होती ते आबा अजून रागावले आहेत का. बापाने सांगितले, “तूच विचार.” दुसऱ्या दिवशी तो आबांच्या घरी गेला. आत जाण्यास त्यास फार वेळ लागला, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. ती दुरून पाहत होती. आबांनी त्यास माफ केले व पैसे नकोत म्हणून सांगितले, परंतु मुलास ते पुरेसे वाटले नाही. भुईमूग निघाला होता. काढलेल्या रानात मागे राहिलेल्या शेंगा वेचून, आठवड्याच्या बाजारात विकून, त्याने तीन आठवड्यांत दहा रुपये व वर काही जमविले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या मंडळीत होतो. ह्या खेपेस आम्ही मागच्या चटईवर बसलो. गीत चालू असता दानार्पणाची पिशवी एकेका रांगेतून फिरत मुलांच्या रांगेत आली. त्याने मूठ पिशवीत घातली, आणि ती रिकामी करून बाहेर काढली. बाप समोर पुस्तक हातात घेऊन उभा होता. मुलाने त्याच्याकडे पाहिले नाही; पिशवी शेजारच्या मुलाकडे दिली व गीत पुढे म्हणू लागला.